कामगारांचा गळा : शाहीर अमर शेख



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावणे धाडले, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, आम्ही कामगार कायद्यावर बोलावे. आमचा धंदाच तो पडला. परंतु कायद्यावर आम्ही वर्षाचे बारा महिने बोलत असतो. वसंतात निदान एक संध्याकाळ गाण्यावर बोलावे असे मनात आले आणि चालकांनी ते मान्य केले, याबद्दल त्यांचे आभार.

आता गाण्यातले तुम्हाला काय कळते, असे कोणी विचारील, तर त्याचे म्हणणे रास्त आहे. आम्हाला राग ओळखता येत नाहीत. शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने केले. पण कामगारांत उभा जन्म काढल्यावर एक गोष्ट आम्हाला पक्की कळली आहे, आणि तीच आज आपणापुढे मांडायची आहे. गाणे हे काम आहे आणि गाणारा हा कामगार आहे. हमाल पाठ विकतो, विणकर हात विकतो, तसा गाणारा गळा झिजवतो. ही गोष्ट ज्या चळवळीला समजली तिने डोंगर हलवले. जिला समजली नाही तिने गाणाऱ्याला सभेची पाटावरची रांगोळी समजून पुसून टाकले. या म्हणण्यासाठी आम्ही एका माणसाचे चरित्र घेतो. त्यांचे नाव शाहीर अमर शेख.

आमच्या पिढीने त्यांना ऐकलेले नाही. ते गेले १९६९ साली. आम्ही त्यानंतर जन्मलो. तेव्हा त्यांच्या आवाजाचे वर्णन करण्याचा आव आम्ही आणणार नाही. ज्यांनी ऐकला ते जुने गिरणी कामगार त्या आवाजाविषयी बोलू लागले की, बोलता बोलता त्यांची मान ताठ होत असे, एवढे मात्र आम्ही पाहिले आहे. आवाजाचा याहून मोठा पुरावा आम्हाला ठाऊक नाही.

अमर शेख यांचा जन्म २० ऑक्टोबर १९१६ रोजी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे झाला. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. घर गरिबीचे. आईचे नाव मुनेरबी. लोकगीतांचा वारसा मिळाला तो या आईकडून. येथे थोडे थांबले पाहिजे. मोठ्या गवयाचे चरित्र वाचावयास घेतले की, पहिल्या पानावर घराणे येते, उस्ताद येतो, गंडाबंधन येते. या माणसाचे घराणे म्हणजे त्याची आई. पहाटे जात्याचा खुंटा हातात धरून बाई जे गाते, त्याला आपण गाणे म्हणत नाही, दळण म्हणतो. कारण तिचे काम आणि तिचे गाणे यांत सुरी घालायला फट नसते. अशा गाण्यात वाढलेल्या मुलाला, गाणे हे कामापासून वेगळे आहे असे कधी वाटले नाही, तर त्यात नवल ते काय?

पोटासाठी मेहबूब पटेल यांनी बसवर क्लीनरचे काम केले, गिरणीत काम केले. बार्शी हे तेव्हाही गिरण्यांचे गाव होते. तेथील कामगारांच्या संपात ते पुढे आले आणि तुरुंगात गेले. विसापूरच्या तुरुंगात त्यांची गाठ कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकर यांच्याशी पडली आणि तेथे त्यांना साम्यवादाची ओळख झाली. आमच्यासारख्या शाळा सुटलेल्या लोकांची विद्यापीठे ही अशीच असतात. कोणाला तुरुंग, कोणाला वाचनालय, कोणाला एखादा वडीलधारा सोबती. पुढे ते कोल्हापुरास गेले. तेथे मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत काम करीत असता त्यांना 'अमर शेख' हे नाव मिळाले. नाव सिनेमाच्या दारात मिळाले. पण ते नाव घेऊन माणूस गेला मैदानात.

१९४४ साली मुंबईत लाल बावटा कलापथक उभे राहिले. तीन माणसे त्याचे खांब होती : अण्णाभाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख. तिघांची जात वेगळी, गाव वेगळे, घडण वेगळी. वाटेगावचे अण्णाभाऊ मातंग समाजातले, शाळेत जवळजवळ न बसलेले, आणि पुढे मराठी कथा-कादंबरीत ज्यांचे नाव कोरले गेले असे. गवाणकर लिहिते व गाते. आणि अमर शेख म्हणजे या पथकाचा गळा. मुंबईतील लालबाग, परळ, नायगाव या भागाला तेव्हा गिरणगाव म्हणत. तेथील चाळींची पटांगणे हे त्यांचे नाट्यगृह आणि गिरणीचे फाटक हा त्यांचा रंगमंच.

गिरणी कामगाराला आवाजाचे काय अप्रूप, असे कोणास वाटेल. लूम खात्यात शेकडो माग एकदम चालू असत. शेजारच्या माणसाला हाक ऐकू जात नसे. विणकर एकमेकांशी ओठांच्या हालचालींवरून आणि हातांच्या खुणांवरून बोलत. वर्षानुवर्षे ज्याच्या कानात नुसता खडखडाट भरलेला, त्या माणसासमोर उभे राहून गायचे होते. पाळी संपवून आलेला, अंगावर कापसाची रुई बसलेला, भुकेलेला माणूस सभेला थांबवायचा, म्हणजे काय काम आहे हे आम्हाला विचारा! आमच्या भाषणांना तो पाच मिनिटे देतो आणि घड्याळाकडे पाहतो. शाहिराला तो दोन तास देत असे.

हे का घडते, याचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. पोवाड्याची रचना आपण सर्वांनी पाहिली आहे. मुख्य शाहीर डफावर थाप मारून पुढे येतो, चौक म्हणतो. मागे तुणतुणे आणि झांज घेऊन झीलकरी उभे असतात. शाहिराची ओळ संपता संपता ते ती झेलतात आणि 'जी जी' करून वर उचलतात. शाहिराला तेवढ्यात श्वास मिळतो. झील नसेल तर एकटा शाहीर अर्ध्या तासात बसेल. आता ही रचना कशासारखी आहे? आमच्या दृष्टीने ती संघटनेसारखी आहे. एक पुढे होतो, चार जण त्याचे म्हणणे उचलून धरतात, त्याला दम मिळतो, तो पुन्हा पुढे होतो. आणि शाहीर खरा असला म्हणजे तिसऱ्या चौकापासून समोरची सभाच झील धरू लागते. भाषणाने माणूस श्रोता होतो. झील धरली की तोच माणूस सामील होतो. ऐकून घरी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी आपले मत बदलू शकतो. ज्याने स्वतःच्या तोंडाने दहा हजार लोकांत ओळ उचलली, त्याला ते तितके सोपे जात नाही.

भोर-वेल्ह्याच्या लोकांना हे नव्याने सांगायला नको. ही भूमीच पोवाड्याची. मराठीतला आज उपलब्ध असलेला जुन्यात जुना पोवाडा अज्ञानदासाने अफझलखानाच्या वधावर रचलेला, १६५९ सालच्या प्रसंगावरचा. त्या प्रसंगी वतनावर पाणी सोडून शिवाजी महाराजांच्या बाजूने उभे राहिलेले कान्होजी जेधे आपल्या कारीचे. त्यांची समाधी आंबवड्यास आहे. राजगड आणि तोरणा वेल्ह्यात, रोहिडा भोरात. ज्या येसाजी कंकांचे नाव भाटघरच्या जलाशयाला दिले आहे, तेही याच डोंगरांतले. हे पोवाडे शेकडो वर्षे जगले ते गोंधळ्यांच्या गळ्यांत. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी ते गोळा करून १८९१ साली छापले, तोवर त्यांना कागद मिळाला नव्हता. राजाची कीर्ती राजाने राखली असे आपण म्हणतो; वास्तविक ती राखली दारोदार फिरून जोंधळे मागणाऱ्या माणसांनी.

आणि 'शाहीर' हा शब्द तरी कोठला? तो अरबी 'शाइर' या शब्दावरून आपल्याकडे आला आणि मराठी मातीत असा रुजला की, त्याच्याशिवाय शिवरायांचे गाणे गाता येत नाही. तेव्हा बार्शीचा मेहबूब पटेल डफ घेऊन मराठी पोवाडा गातो, यात कोणास विसंगती दिसत असेल, तर त्याने आपलाच इतिहास पुन्हा वाचावा, अशी आमची विनंती आहे.

अमर शेखांचा आवाज सर्व महाराष्ट्राचा झाला तो संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये पुन्हा गोळीबार झाले. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. तीत समाजवादी होते, कम्युनिस्ट होते, शेतकरी कामगार पक्ष होता, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन होते. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारी ही मंडळी एका व्यासपीठावर बसली. आचार्य अत्रे, एसेम जोशी, डांगे, प्रबोधनकार यांची भाषणे झाली हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु भाषणापूर्वी मैदान कोणी भरले? आणि भाषण ज्याला ऐकताच आले नाही, त्या खेड्यातल्या माणसाच्या घरापर्यंत ही चळवळ कोणी नेली? अमर शेख, अण्णाभाऊ, गवाणकर, आणि त्यांच्याबरोबरीने महाराष्ट्रभर फिरणाऱ्या शाहिरांनी. अण्णाभाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड अमर शेखांच्या गळ्यातून सभासभांतून घुमली. वरवर पाहता ती मुंबईला गेलेल्या माणसाची आणि गावी राहिलेल्या त्याच्या बायकोची कहाणी.

बंधुभगिनींनो, ही कहाणी कोणाची? ती या डोंगरांतल्या घराघराची आहे. गुंजवणीच्या, कानंदीच्या, वेळवंडीच्या खोऱ्यांतले भाताचे पीक चार महिने पोसते. उरलेल्या आठ महिन्यांसाठी माणूस मुंबई गाठीत असे. कोणी गिरणीत बदलीवर, कोणी गोदीत, कोणी धान्यबाजारात पाठीवर पोते घेऊन. गाववाल्यांच्या एका खोलीत पाळीपाळीने झोपायचे आणि महिन्याकाठी मनिऑर्डर करायची. गावी बाई एकटी नांगरणी, लावणी, म्हातारीकोतारी सांभाळीत बसे. प्रांतरचनेचा प्रश्न असा होता की, ज्या मुंबईत आपला घाम मुरला ती मुंबई आपली की परकी? हा प्रश्न आयोगाच्या अहवालात शेकडो पानांत होता. तो अहवाल कोणत्या मनिऑर्डरवाल्याने वाचला असेल? त्याच प्रश्नाला एका बाईचे रूप आले आणि तो प्रत्येकाच्या उंबऱ्याला येऊन टेकला. शाहिराचे काम म्हणतात ते हे. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले, त्या हिशेबात या गळ्यांचा वाटा घातल्याशिवाय बेरीज जुळत नाही.

अमर शेख नुसते गाणारे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. 'कलश' हा त्यांचा काव्यसंग्रह १९५८ साली आला, 'धरतीमाता' १९६३ साली. 'पहिला बळी' हे नाटक त्यांनी लिहिले. 'प्रपंच' या १९६१ च्या चित्रपटात त्यांनी कुंभाराची भूमिका केली. अत्र्यांनी त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटले. मायकोव्हस्की हा रशियन क्रांतीचा कवी. कुसुम जयकर या त्यांच्या पत्नी, चळवळीतल्याच. त्यांच्या कन्या मल्लिका अमर शेख मराठीतील नामवंत कवयित्री झाल्या. गोव्याच्या मुक्तीसाठी अमर शेख गायले. १९६२ साली चीनने आक्रमण केले तेव्हा त्यांनी ठिकठिकाणी कार्यक्रम करून संरक्षण निधीसाठी पैसा उभा केला. त्या काळात त्यांच्या पक्षात दोन तट पडले होते आणि १९६४ साली पक्ष दुभंगलाच. अशा वेळी पुढाऱ्याला पत्रक काढून आपली बाजू सांगता येते. शाहिराला काय करता येते? त्याला लोकांसमोर उभे राहून गावेच लागते, आणि तो काय गातो यावरून लोक त्याला ओळखतात. अमर शेख आपल्या लोकांसमोर उभे राहिले.

२९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे बावन्न. त्या एका पावसाळ्यात महाराष्ट्राने तीन आवाज गमावले. १३ जूनला अत्रे गेले, १८ जुलैला अण्णाभाऊ गेले, आणि ऑगस्ट सरता सरता अमर शेख. अडीच महिन्यांत मैदान रिकामे झाले.

आता थोडे दूर जाऊ. जगात इतरत्रही असे गायक झाले आहेत, त्यांच्याशी ताडून पाहिले म्हणजे आपल्या माणसाची उंची नीट कळते. अमेरिकेतील काळ्या लोकांच्या एका गानप्रकाराला 'सोल' म्हणतात. सोल म्हणजे आत्मा. गुलामगिरीच्या मळ्यांत राबताना आणि चर्चमध्ये प्रार्थना करताना ही माणसे जे गात आली, त्यातून विसाव्या शतकाच्या मध्यावर ते घडले. आज अमेरिकेत, कॅनडात, इंग्लंडात या गाण्याचे मोठमोठे गायक-गायिका आहेत आणि आपल्या भोरची मुलेही कानाला यंत्र लावून ते ऐकतात. मुळाशी पाहाल तर तेही कामाचेच गाणे. मुनेरबींच्या गाण्याचे दूरचे भावंड.

त्या परंपरेतला एक थोर गळा पॉल रॉबसन यांचा. जन्म १८९८ चा. वडील गुलामगिरीत जन्मलेले आणि तेथून पळून सुटलेले. रॉबसन वकिली शिकले, रंगभूमीवर गाजले, आणि मग कामगारांच्या सभांतून गाऊ लागले. १९५० साली अमेरिकन सरकारने त्यांचे पारपत्र काढून घेतले. १९५२ च्या आरंभी कॅनडातील व्हँकूव्हर येथे खाणकामगारांच्या युनियनचे अधिवेशन होते. तेथे गाण्यासाठी ते निघाले, तर त्यांना सरहद्दीवरच अडवले. तेव्हा त्यांनी टेलिफोनवरून अधिवेशनाला गाणे ऐकवले. युनियन तेवढ्यावर थांबली नाही. १८ मे १९५२ रोजी तिने थेट दोन देशांच्या सरहद्दीवरच सभा भरवली. रॉबसन एका ट्रकवर उभे राहिले, आणि हजारो माणसे ऐकायला जमली. त्यांतली बहुतेक सरहद्दीपलीकडून, कॅनडातून आलेली. शरीराला सरहद्द ओलांडायची बंदी होती. आवाजाला चौकी नव्हती. १९५८ साली रॉबसन यांचा साठावा वाढदिवस भारतातही साजरा झाला, आणि त्याच वर्षी त्यांना पारपत्र परत मिळाले.

ही हकीकत सांगण्याचे कारण, त्या खाणकामगारांच्या युनियनने काय केले ते पाहावे. गाणारा अडकला तर 'दुसरा कोणी पाहा, कार्यक्रमात दहा मिनिटे भरून काढायची आहेत' असे ती म्हणाली नाही. आपला सभासद अडकला असता तर जे केले असते, ते तिने गाणाऱ्यासाठी केले.

आमच्या चळवळीने असे केले आहे काय? आम्ही आमच्याच घरचे सांगतो. सभेची वेळ सहाची. पुढारी येणार आठला. मधले दोन तास काय करायचे? शाहिराला उभे करा! तो घसा फोडून गर्दी धरून ठेवतो. पुढाऱ्याची मोटार दिसली की, चौक अर्धा असतानाच कोणीतरी त्याचा सदरा ओढतो, आणि ध्वनिक्षेपक पुढाऱ्याच्या हाती जातो. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पुढाऱ्याचे भाषण तीन स्तंभ, आणि शाहिराचे नाव 'इत्यादी'मध्ये. परतीच्या एस.टी.चे भाडे द्यायला खजिनदार सापडत नाही. हे आम्ही एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे. आठ तासांचा दिवस, जादा कामाला दुप्पट दर, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी यांसाठी जे लोक कारखानदाराशी भांडतात, तेच लोक शाहिराला नारळ आणि टोपी देऊन वाटेला लावतात. हा न्याय कोणत्या कलमात बसतो?

आज ध्वनिमुद्रिकेवर गाणाऱ्याला स्वामित्वधन मिळते. गाणे जितक्यांदा वाजेल तितका त्याचा वाटा. निदान कायदा तसे म्हणतो. मैदानात गाणाऱ्याला असे काही नसते. त्याचे गाणे हवेत जाते आणि लोकांच्या छातीत उतरते. त्याची पावती कोण फाडणार? ज्या साली अमर शेख गेले त्याच १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कामगारांचा कायदा झाला. ज्यांना एक मालक नाही, ज्यांची हजेरी कोणाच्या वहीत नाही, अशा पाठीवर ओझे वाहणाऱ्या माणसांनाही मजुरीचा, रजेचा, निधीचा हक्क असू शकतो, हे या कायद्याने दाखवून दिले. अण्णासाहेब पाटील यांनी त्यासाठी जन्म वेचला. आपल्या तालुक्यांतल्या कित्येक घरांची चूल या कायद्याने पेटती ठेवली आहे. आमचे म्हणणे एवढेच की, ज्याला एक मालक नाही असा आणखी एक कामगार आहे, आणि तो म्हणजे शाहीर, गोंधळी, तमाशातला ढोलकीवाला, बँडमधला सनईवाला. माथाड्याच्या पाठीचे मोल आपण ठरवले. गळ्याचे मोल ठरवायचे राहिले आहे.

कोणी म्हणेल, हे जुने झाले. आता शाहिराची गरज कोणाला आहे? ज्याच्या त्याच्या हातात यंत्र आहे आणि यंत्रात जगातले सर्व गाणे आहे. खरे आहे. पण एक फरक पाहा. यंत्रातले गाणे प्रत्येकाच्या कानात वेगळे वाजते. कारखान्याच्या बसमध्ये चाळीस मुले बसलेली असतात. चाळीस गाणी चालू असतात आणि कोणाला कोणाचे नाव ठाऊक नसते. यातली बहुतेक मुले कंत्राटावर. ठेकेदार सहा-सात महिन्यांनी माणूस बदलतो, म्हणजे ओळख होण्याच्या आतच ताटातूट. पूर्वी गिरणीचा खडखडाट माणसांना बोलू देत नव्हता. आताची शांतता बोलू देत नाही. आम्हा संघटकांना पहिल्यापेक्षा ही दुसरी गोष्ट अधिक जड जाते.

काही वर्षांपूर्वी महामार्गालगतच्या एका कारखान्यापुढे कंत्राटी कामगार धरणे धरून बसले होते. त्यांत बायका पुष्कळ, आणि त्या या डोंगरांतल्या. आठ-दहा दिवसांत आमची भाषणे संपली; तेच तेच किती सांगणार? लोक उठून जाऊ लागले. एका रात्री पालाखाली बसलेल्या एका वयस्कर बाईने जात्यावरची ओवी सुरू केली आणि तिसऱ्या ओवीत ठेकेदाराला आणून बसवला. सगळ्या जणी हसल्या आणि दुसरीने पुढची ओवी जोडली. ती रात्र ओव्यांत गेली. पुढे जी तडजोड झाली ती अर्धीमुर्धीच होती, उगाच बढाई मारण्यात अर्थ नाही. पण त्या रात्रीनंतर कोणी उठून गेले नाही, आणि एकमेकींची नावे सर्वांना पाठ झाली. युनियनची नोंदणी नंतर झाली; युनियन झाली ती त्या रात्री. अमर शेखांचे महत्त्व आम्हाला पुस्तकात जेवढे कळले नव्हते तेवढे त्या पालाखाली कळले.

म्हणून शेवटी आपणापुढे तीन गोष्टी मागण्यासाठी आम्ही उभे आहोत. मागणी केल्याशिवाय भाषण संपवणे आमच्या धंद्यात बसत नाही.

पहिली मागणी. आपल्या गावच्या जत्रेला, शिवजयंतीला, गणेशोत्सवाला जो शाहीर वा गोंधळी याल तो बोलवाल, त्याची बिदागी आधी ठरवावी आणि त्याच रात्री हातात द्यावी. मंडपवाल्याचे आणि ध्वनिक्षेपकवाल्याचे पैसे आपण देतोच ना? मग ज्याच्यासाठी मंडप घातला त्याचेच का थकावेत?

दुसरी मागणी. आपल्या घरातील वडीलधाऱ्या बायांच्या ओव्या लिहून ठेवाव्यात. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासकांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातून व महाराष्ट्राच्या इतर भागांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. दोन माणसांनी सोबत्यांसह एवढे केले. मग आपल्याच आजीच्या पाच-पंचवीस ओव्या उतरवून घेणे नातवंडांना अवघड का जावे? आता जाते फिरत नाही, पिठाची गिरणी आहे. त्या ओव्या म्हणणाऱ्या बाया दरवर्षी कमी होत आहेत. मुनेरबीची गाणी तिच्या मुलाने उचलली म्हणून ती जगली. ज्यांच्या मुलांनी उचलली नाहीत त्या आयांची संख्या किती असेल?

तिसरी मागणी आमच्याच भाईबंदांसाठी, जे या सभेत मागच्या रांगांत बसले आहेत. सभेत शाहिराला शेवटचा चौक पुरा करू द्यावा. पुढारी आले तरी त्यांनी खाली बसून तो ऐकावा, आणि जमल्यास झील धरावी. पुढाऱ्याने दोन मिनिटे झील धरली, तर त्याच्या भाषणाची वीस मिनिटे वाचतात, असा आमचा अनुभव आहे.

मुंबई विद्यापीठात शाहीर अमर शेख यांच्या नावाचे अध्यासन आहे, ही चांगली गोष्ट झाली. बसचा क्लीनर विद्यापीठात पोहोचला. पण त्यांचे खरे अध्यासन फाटकापाशी, पटांगणात, जत्रेच्या पारावर आहे, आणि ते रिकामे पडू द्यायचे की नाही, हे विद्यापीठ ठरवणार नाही. ते आपण ठरवायचे आहे.

 आमच्यानंतर वेल्ह्याकडील भजनी मंडळी गाणार आहेत असे चालकांनी सांगितले आहे. कृपा करून कोणी उठू नये.